मॅक, एससीटी की आरसी? फोटोसाठी कुठली घ्यावी, बजेट एकदाचंच आहे

धूमकेतू२२ :

नमस्कार मंडळी. दोन महिने हाच विषय डोक्यात घोळतोय आणि जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय, म्हणून शेवटी विचारतोच.

माझ्याकडे सध्या १३० मिमीची न्यूटोनियन आहे, फोकल लेंग्थ ६५० म्हणजे एफ/५ (फोकल लेंग्थ भागिले व्यास), खाली इक्वेटोरियल माउंट, दोन्ही अक्षांना मोटर आणि गोटू (सांगितलेल्या ताऱ्याकडे आपोआप वळणं) सकट, त्यावर वजनाची मर्यादा ९ किलो लिहिलीये. कॅमेरा जुना एपीएस-सी डीएसएलआर, पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. यावर मृगातला तेजोमेघ, कृत्तिका, देवयानी हे सगळं काढून झालंय (देवयानी पूर्ण मावत नाही, कडा कापल्या जातात), साठ साठ सेकंदांच्या फ्रेम घेतो आणि स्टॅक करतो, म्हणजे एकावर एक रचून एक फोटो. गायडिंग, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्याने तारा बघत माउंटची चूक सुधारत राहणं, अजून नाही. फोटो मला स्वतःला खूप आवडतात पण गुरू काढायला गेलो की टिंबाएवढा येतो, शनीची कडी म्हणजे नुसती लांबट चकती, आणि स्वरमंडळातला तो कडीसारखा तेजोमेघ, एम५७, एवढासा ठिपका. त्यामुळे आता जास्त फोकल लेंग्थ हवीये.

चार पर्याय आहेत. १२७ मिमीची मॅक (माक्सुटोव्ह-कॅसेग्रेन), १५०० मिमी, जवळपास एफ/१२. ६ इंची एससीटी (श्मिट-कॅसेग्रेन), १५०० मिमी, एफ/१०. ६ इंची आरसी (रिची-क्रेतिएँ), १३७० मिमी, एफ/९. आणि चौथा म्हणजे ओळखीतले एक काका त्यांची ८ इंची एससीटी विकतायत, जुनी आहे पण नव्या ६ इंचीच्या भावात पडतेय.

एकच नळी ग्रह आणि दीर्घिका दोन्हीला चालेल का? एफ/१०, एफ/१२ "स्लो" म्हणतात ते फोटोत नक्की नडतं कुठे? रिड्यूसर (फोकल लेंग्थ कमी करणारं भिंग) लावला की सुटतं का ते? पैसे एकदाच घालू शकतो, दर वर्षी दुर्बीण बदलणं जमणार नाही, त्यामुळे नीट विचार करूनच घ्यायचीये.

आरसेवाला :

आधी या चारही नळ्यांचं आपसातलं नातं बघा म्हणजे निम्मा गोंधळ जाईल. चारही मुळात कॅसेग्रेनच आहेत. मोठा आरसा मागे, त्याला मध्ये भोक, पुढे छोटा फुगीर आरसा, प्रकाश मागे जातो, परत पुढे येतो आणि पुन्हा भोकातून मागे कॅमेऱ्याकडे. म्हणून दोन मीटरची फोकल लेंग्थ हातभर नळीत मावते. तुमच्या ८ इंचीत मोठा आरसा एफ/२ चा असतो आणि छोटा आरसा त्याला पाचपट ताणतो, झाला एफ/१०. पण ताणताना प्रतिमेबरोबर चुकाही ताणल्या जातात हे लक्षात ठेवा, छोटा आरसा अगदी किंचित तिरका असला तरी गुरूवरचे पट्टे धुवून निघतात.

फरक आहे तो पुढच्या काचेत. एससीटी आणि मॅक मध्ये मोठा आरसा साधा गोलीय असतो, घासायला सोपा म्हणून स्वस्त, पण गोलीय आरशावर कडेचे किरण आणि मधले किरण एका जागी येत नाहीत, तो दोष पुढच्या काचेने काढायचा. बर्नहार्ड श्मिटने १९३० मध्ये त्यासाठी पातळ काच केली, तिचं वळण इतकं विचित्र की हाताने घासून आणणं महाकठीण, तर त्याने काय केलं, काच एका भांड्यावर ठेवली, खालची हवा ओढून घेतली, काच वाकली, तशी वाकलेली असतानाच वरून घासली आणि हवा सोडली, काच सरळ झाली आणि हवं ते वळण तिच्यात आपोआप उतरलं. तरुणपणी एक हात गमावलेला माणूस होता तो. मला हे कधीही आठवलं तरी थक्क व्हायला होतं. मग १९४१ मध्ये माक्सुटोव्हने त्या वळणाची गरजच काढून टाकली, जाड वाटीसारखी काच, तिच्या दोन्ही बाजू गोलीय, म्हणजे सगळंच घासायला सोपं, फक्त काच जाड आणि जड. आरसीत पुढे काचच नाही, दोन्ही आरसे हायपरबोलिक, हबल दुर्बीण याच जातीची.

आता एफ चं गणित. पसरलेल्या वस्तूसाठी म्हणजे तेजोमेघ, दीर्घिका यांच्यासाठी एका पिक्सेलवर किती प्रकाश पडतो ते एफ आकड्याच्या वर्गावर ठरतं. तुमच्या एफ/५ वर एक तास लागत असेल तर त्याच कॅमेऱ्याने एफ/१० वर चार तास, आणि मॅकवर साडेपाच तासांच्या आसपास. तेही प्रत्येक फ्रेम दुप्पट-अडीचपट मोठ्या फोकल लेंग्थवर, म्हणजे माउंटची चूकही तेवढीच मोठी दिसणार. स्लो म्हणतात ते इथे नडतं. चंद्र आणि ग्रहांना मात्र काहीच फरक पडत नाही, ते भरपूर उजळ आहेत, तिथे मोठा एफ आकडा हवाच असतो.

पिक्सेल किती आकाश बघतो तेही काढा, सोपं आहे. २०६ गुणिले पिक्सेल मायक्रॉनमध्ये, भागिले फोकल लेंग्थ मिमीमध्ये. तुमचं सध्याचं येतं १.३६ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद). १५०० वर येईल ०.५९. आणि ८ इंचीवर, २०३२ मिमी ला, ०.४४. हवेमुळे तारा साधारण दोन ते तीन आर्कसेकंद पसरतोच, त्यामुळे लांब एक्सपोजरला ०.४४ वर जाऊन जास्त तपशील मिळत नाही, मिळतो तो फक्त मोठा आणि मऊ फोटो. रिड्यूसर लावलात तर एससीटीवर ०.६३ चा मिळतो, एफ/६.३ होतो, वेळ अडीचपट वाचतो, आणि ८ इंचीची फोकल लेंग्थ १२८० वर येते. एम५१ सारख्या दीर्घिकांना ते छान आहे. मॅकवर रिड्यूसरच्या नादी लागू नका, आतला बॅफल, म्हणजे भटका प्रकाश अडवणारी नळी, अरुंद असतो, एपीएस-सी सेन्सरचे कोपरे काळे पडतात.

माझं मत विचाराल तर दोन्ही हवं असेल तर एससीटी.

रात्रपाळी :

मी मॅकच्या बाजूने बोलणार, कारण तीन वर्षं १२७ चीच वापरतोय आणि चंद्रावर तिने मला कधी निराश केलं नाही. कोलिमेशन, म्हणजे आरशांची एका रेषेतली जुळणी, घरून निघताना जसं असतं तसंच राहतं, बहुतेक मॅकमध्ये छोटा आरसा म्हणजे पुढच्या काचेच्याच आतल्या बाजूला मधोमध दिलेला चकचकीत मुलामा, वेगळा स्क्रू नाही, हलणार काय. वजन तीन-साडेतीन किलो, तुमच्या माउंटला कळणारसुद्धा नाही.

पण दोन गोष्टी कोणी आधी सांगत नाही त्या सांगतो. एक, जाड काच आणि बंद नळी, त्यामुळे थंड व्हायला वेळ लागतो, मी तास-दीड तास आधी बाहेर ठेवतो, नाहीतर गुरू उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो आणि माणूस उगाच दुर्बिणीला दोष देतो. दुसरं म्हणजे दव. पुढे काच असलेली कुठलीही नळी, मॅक काय एससीटी काय, दव पडायला लागलं की आधी तिच्या काचेवर पडतं. नळीला पुढे लांब कॉलर लावा, जुन्या योगा मॅटची गुंडाळी करून लावली तरी चालते, मी तेच करतो, आणि जमलं तर हीटर पट्टी.

आणि ग्रहांना डीएसएलआर वापरू नका. म्हणजे वापरता येतो, पण तिथे लांब एक्सपोजर नसतंच, व्हिडिओ लागतो, हजारो फ्रेम, एक-एक फ्रेम काही मिलिसेकंदांची, त्यातल्या हवा स्थिर असतानाच्या निवडायच्या आणि स्टॅक करायच्या. शार्पकॅपने घ्या, ऑटोस्टॅकर्टने निवडा, रेजिस्टॅक्समध्ये वेव्हलेट फिरवून धार आणा (तिन्ही संगणकावरचे प्रोग्रॅम). त्यासाठी छोटा ग्रह कॅमेरा घ्या, २.९ मायक्रॉनचे स्वस्तातले चांगले येतात. ढोबळ नियम असा की पिक्सेल मायक्रॉनच्या चार-पाच पट एफ आकडा हवा, म्हणजे २.९ ला एफ/१२ ते एफ/१५, म्हणजे मॅक बार्लोशिवायच (बार्लो म्हणजे फोकल लेंग्थ वाढवणारं भिंग) बरोबर बसते. गुरू ४५ आर्कसेकंदांचा असताना माझ्याकडे तो ११० पिक्सेलच्या वर येतो, तुमच्या आत्ताच्या सेटअपवर तेहतीसेक येत असेल.

व्हिडिओ दोन-तीन मिनिटांच्या वर नेऊ नका. गुरू ९ तास ५५ मिनिटांत एक फेरी मारतो, हिशोब केलात तर मध्यावरचा डाग मिनिटाला जवळपास पाव आर्कसेकंद सरकतो. जास्त वेळ घेतला तर तपशील फासला जातो, मग विनजुपोस नावाच्या प्रोग्रॅमने उलटं फिरवायला लागतं.

धूमकेतू२२ :

दोघांचेही मनापासून आभार. आरसेवाला दादा, ते चौपट वेळेचं गणित इतक्या सरळ कोणी सांगितलं नव्हतं. रात्रपाळी, तुमच्याकडे गुरू ११० पिक्सेल आणि माझ्याकडे ३३, हे वाचून लगेच जुनी फाइल उघडून मोजलं, ३४ निघाले!

आता दोन शंका. ग्रह कॅमेरा वेगळा घ्यायचा म्हणजे तो खर्च नळीच्या पैशातूनच काढावा लागणार, मग ८ इंची जमेल का माहीत नाही. आणि आरसीबद्दल कोणी बोललंच नाही, तिला तर "फोटोसाठीच बनवलेली" म्हणतात आणि एफ/९ म्हणजे चारांत सगळ्यात फास्ट, मग ती का नको?

स्वरमंडळ :

आरसीबद्दल मी सांगते, ६ इंची माझ्याकडे आहे आणि दीर्घिकांसाठी मी ती कशालाही देणार नाही, पण तुम्हाला घ्या म्हणणार नाही. का ते ऐका.

आरसीचं खरं बळ म्हणजे कोमा नाही, कडेचे तारे धूमकेतूसारखे शेपटीचे होत नाहीत. पण दोषच नाही असं नव्हे, फील्ड वक्र असतं (मध्य फोकसमध्ये आणला की कडा थोड्या सुटतात) आणि टोकाला थोडं ॲस्टिग्मॅटिझम असतं, म्हणजे तारे किंचित ताणलेले, एपीएस-सी वर ते चालून जातं. मोठा आरसा जागेवर घट्ट असतो, फोकस मागच्या फोकसरने होतो, एससीटी-मॅक सारखा अख्खा आरसा पुढे-मागे सरकत नाही, त्यामुळे रात्रभर फोकस आणि फ्रेम जागेवर राहते. पुढे काच नाही म्हणून दव फारसं छळत नाही आणि रंगांची किनारही नाही.

आता किंमत काय मोजावी लागते ते. छोटा आरसा खूप मोठा असतो, मोठ्याच्या व्यासाच्या जवळजवळ निम्मा, त्यामुळे ग्रहांवर बारीक कॉन्ट्रास्ट कमी होतो, गुरूचे पट्टे फिके पडतात, आणि तुमची तर पहिली मागणीच गुरू आहे. दुसरं म्हणजे कोलिमेशन. एससीटीत फक्त छोट्या आरशाचे तीन स्क्रू फिरवायचे असतात. इथे दोन्ही आरसे स्क्रूने सरळ करावे लागतात, आणि स्वस्त मॉडेलांत फोकसर मोठ्या आरशाच्याच पाठीला जोडलेला असतो, म्हणजे आरसा सरळ केला की फोकसर तिरका, फोकसर सरळ केला की आरसा तिरका. मध्ये टिल्ट रिंग (फोकसर वेगळा सरळ करायची कडी) लावल्यावर मला शांतता मिळाली. पहिले चार महिने मी चांगल्या चांगल्या रात्री स्क्रू फिरवत बसले होते, एकही फोटो नाही, आणि ज्या रात्री पहिल्यांदा चारही कोपऱ्यांत तारे गोल आले त्या रात्री मी खरंच रडले. तुमच्याकडे तेवढा धीर असेल तर जरूर घ्या, पण आधी गायडिंग घ्या. १३७० मिमी वर गायडिंगशिवाय साठ सेकंद विसरा.

आणि आरसेवाला, एका बाबतीत थोडं वेगळं मत आहे. एफ चा वर्ग हे पिक्सेलपुरतं खरं, पण ६ इंची एफ/१० नळी तुमच्या १३० पेक्षा एम५७ चा एकूण प्रकाश जास्तच गोळा करते, फक्त तो जास्त पिक्सेलांवर पसरवते. नंतर दोन बाय दोन पिक्सेल एकत्र केले की बराचसा फरक भरून निघतो. ज्या वस्तू छोट्या आणि उजळ आहेत, एम५७, एम२७, शौरीतला एम१३, त्यांना स्लो नळी म्हणून घाबरायचं कारण नाही. नडतं ते अंधुक पसरट गोष्टींना.

आरसेवाला :

बरोबर आहे ताई, मी फार सरधोपट लिहिलं. व्यास प्रकाश गोळा करतो आणि फोकल लेंग्थ तो पसरवते, एवढं वेगळं ठेवायला हवं होतं. एकच जोडतो, पिक्सेल नंतर एकत्र केले तरी प्रत्येक पिक्सेलचा रीड नॉइज (सेन्सर वाचताना मिसळणारा गोंगाट) आधीच आत आलेला असतो, त्यामुळे जुन्या डीएसएलआरवर एफ/१० ला छोट्या छोट्या फ्रेम घेऊन भागत नाही, प्रत्येक फ्रेम लांब घ्यावी लागते, आणि लांब फ्रेम म्हणजे गायडिंग. म्हणजे फिरून आपण माउंटपाशीच आलो.

रिड्यूसर घेतलात तर बॅक फोकसचं, म्हणजे रिड्यूसरपासून सेन्सरपर्यंतचं, अंतर पाळा. ०.६३ च्या नेहमीच्या रिड्यूसरला मागे १०५ मिमी लागतात, डीएसएलआरचा टी-रिंगसकटचा ५५ आणि एससीटीचा टी-अडॅप्टर ५०, बेरीज बरोबर १०५, त्यामुळे डीएसएलआरवाल्यांना वेगळे स्पेसर शोधायला लागत नाहीत. मध्ये काही घुसवलंत, फिल्टर ड्रॉवर वगैरे, की हिशोब बदलतो आणि कडेचे तारे लांबतात.

उत्तरध्रुव :

सगळं वाचलं. मला वाटतं प्रश्न थोडा उलटा मांडायला हवा. तुम्ही विचारताय एकच नळी दोन्हीला चालेल का, पण तुमच्याकडे एक नळी आहेच की! १३० एफ/५ ही दीर्घिका-तेजोमेघांसाठी तुमच्या चारही पर्यायांपेक्षा तुमच्या माउंटला जास्त मानवणारी नळी आहे. ती विकू नका. तिला गायडिंग जोडा आणि कोमा करेक्टर लावा, साठ सेकंदांच्या जागी तीन-पाच मिनिटांच्या फ्रेम घ्या, तीच दुर्बीण तुम्हाला ओळखू येणार नाही. एम५१ तिच्यावर साधारण पाचशे पिक्सेल लांब येईल, चांगला स्टॅक असेल तर तेवढा क्रॉप खूप सुंदर दिसतो.

मग नवी नळी फक्त ग्रह आणि चंद्रासाठी आणि छोट्या उजळ गोष्टींसाठी, आणि असं ठरवलं की निवड एकदम सोपी होते. ग्रहांना व्यास लागतो. १२७ मिमी ची विभेदनक्षमता ०.९ आर्कसेकंद, ८ इंचीची ०.५७. प्रकाश अडीचपट, म्हणजे त्याच उजेडाला फ्रेम अडीचपट छोटी, हवा गोठवायला तेवढं बरं. आणि माउंटवर ताण आला तरी हरकत नाही, कारण एक फ्रेम दहा मिलिसेकंदांची, तेवढ्या वेळात माउंट किती चुकणार? ८ इंची पावणेसहा किलोच्या आसपास असते, छोटा कॅमेरा धरून सहा-साडेसहा, ९ किलोच्या माउंटवर व्हिडिओला चालते, जोराचा वारा नसेल तर. तीच नळी डीएसएलआर, रिड्यूसर, गायड स्कोप (गायडिंगची छोटी दुर्बीण) लावून दहा मिनिटांच्या एक्सपोजरला लावाल तर मात्र रडाल, फोटोसाठी मी कागदावरच्या मर्यादेच्या साठ टक्क्यांच्या वर कधी जात नाही. शिवाय एससीटीचा आरसा दुर्बीण एका बाजूकडून दुसरीकडे झुकली की आत किंचित सरकतो, वेगळ्या गायड स्कोपला ते कळतच नाही, तारे लांबट येतात, तिथे त्याच नळीतला थोडा प्रकाश घेणारा ऑफ-ॲक्सिस गायडर लागतो. तो खर्च आत्ता नका करू.

म्हणजे माझ्या मते पैसे असे वाटा, जुनी ८ इंची, ती चांगली निघाली तर, आणि एक छोटा २.९ मायक्रॉनचा कॅमेरा. तोच कॅमेरा ग्रहांना व्हिडिओ घेईल आणि तोच दुसऱ्या रात्री छोट्या गायड स्कोपवर बसून १३० ला गायडिंग करेल. ग्रह आणि डीप स्काय तुम्ही एकाच वेळी काढणार नाही, मग दोन कॅमेरे कशाला?

जुनी नळी बघायला जाल तेव्हा घाई करू नका. अंधारात पुढून तिरका टॉर्च मारा, टॉर्चमध्ये सगळ्याच काचा घाण दिसतात त्यामुळे धुळीला घाबरू नका, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का ते बघा, ती बुरशी, काचेच्या आतल्या बाजूला असेल तर नको म्हणा. करेक्टरची, म्हणजे पुढची, काच कोणी काढून फिरवून बसवलेली नाही ना ते विचारा, ती कारखान्यात विशिष्ट कोनात बसवलेली असते. फोकसचा नॉब पूर्ण इकडून तिकडे फिरवा, अडकतो का, कचकच येते का. मग दूरचा दिवा किंवा तारा मोठ्या पॉवरने बघत नॉब उलटसुलट फिरवा, प्रतिमा बाजूला सरकेल, थोडी सगळ्यांचीच सरकते, अर्ध्या आर्कमिनिटाच्या (३० आर्कसेकंद) आत असेल तर मी खूश, दोन-तीन आर्कमिनिटं उडी मारत असेल तर ग्रह छोट्या सेन्सरच्या बाहेर जाईल आणि फोकस करताना जीव नकोसा होईल. खालची पट्टी तुमच्या माउंटच्या खाचेत बसते का तेही बघा, काही जुन्या नळ्या फोर्क (दोन हातांच्या) माउंटवरून काढलेल्या असतात, त्यांना पट्टीच नसते.

रात्रपाळी :

मी मॅकवाला असूनही हे पटलं. १२७ आणि ८ इंची एकाच भावात मिळत असेल तर ग्रहांसाठी ८ इंचीच. फक्त लहान बार्लो घ्या, २.९ ला एफ/१० थोडा कमी पडतो, १.५ पट केला की एफ/१५, गुरू सव्वादोनशे पिक्सेलच्या पुढे जाईल. थेट तीनपट बार्लोच्या मोहात पडू नका, पडदाभर धूसर गोळा मिळतो. आणि गुरू किमान ३०-४० अंश वर आल्यावरच व्हिडिओ घ्या, क्षितिजाजवळ हवेचा थर जाड, वरची कड निळी आणि खालची लाल दिसायला लागते.

धूमकेतू२२ :

उत्तरध्रुव, "तुमच्याकडे एक नळी आहेच की" हे वाचून मी खरंच दोन मिनिटं गप्प बसलो. मी १३० ला बदलायचीच दुर्बीण धरून चाललो होतो.

काल काकांकडे जाऊन आलो. टॉर्च मारला, पुढच्या काचेवर धूळ आहे आणि कडेला पाण्याचे दोन डाग, आतून तंतू वगैरे काही नाही, काच कधीच काढलेली नाही म्हणाले. नॉब सगळीकडे मऊ फिरतो. पट्टी आहे, माझ्या माउंटला बसते, बसवूनच बघितली. अभिजित तारा लावून नॉब उलटा फिरवला तर सरकतो, गुरूच्या चकतीएवढा साधारण, जास्त नाही. म्हणजे बहुतेक घेतोच.

फक्त एक गोष्ट खटकली. तारा फोकसच्या बाहेर नेला तर मधलं काळं वर्तुळ बरोबर मध्ये नाही, एका बाजूला झुकलंय. हे कोलिमेशन गेलंय म्हणून की आरशातच काही दोष असेल? काकांना विचारलं तर त्यांनी कधी स्क्रूला हातच लावला नाही म्हणे.

आरसेवाला :

कोलिमेशनच. आरशाचा दोष असता तर कडी वेडीवाकडी, त्रिकोणी वगैरे दिसली असती. तुम्ही सांगताय तशी गोल पण सरकलेली कडी म्हणजे छोटा आरसा तिरका, आणि इतकी वर्षं कोणी हात लावला नसेल तर ते साहजिकच आहे. सरकतो म्हणालात तेही पाऊण आर्कमिनिटाच्या आसपास झालं, जुन्या नळीला चांगलंच म्हणायचं. घ्या बिनधास्त.

स्वरमंडळ :

घ्या, आणि ते ठीक करायला घाबरू नका, माझ्या आरसीच्या मानाने हे खूपच सोपं आहे. नळी तासभर बाहेर ठेवून थंड होऊ द्या. मग उंचावरचा मध्यम उजेडाचा तारा घ्या, माउंट ट्रॅक करत असू दे, तारा बरोबर मध्ये आणा आणि थोडा फोकसबाहेर न्या, चार-पाच वलयं दिसतील इतकाच. आता पुढे हात घालून नळीच्या तोंडाशी कडेने फिरवा, बोटाची सावली वलयात दिसेल, काळं वर्तुळ ज्या बाजूला कडेला टेकलंय तिथे सावली आणा, त्या जागेच्या सगळ्यात जवळचा किंवा बरोबर समोरचा स्क्रू तुमचा. एका वेळी एकच स्क्रू, आठवा भाग फेरा, त्याच्या वर नाही. फिरवला की तारा मध्यातून सरकतो, तो परत मध्ये आणूनच बघायचं, नाहीतर कडेचा कोमा बघून तुम्ही फसाल. वाईट झालं तर तोच स्क्रू उलटा. एक घट्ट करताना अडला तर बाकीचे दोन थोडे सैल करा. आणि काहीही झालं तरी तिन्ही स्क्रू एकदम सैल करू नका, छोटा आरसा त्यांच्यावरच उभा असतो, सुटला तर थेट मोठ्या आरशावर पडेल. शेवटी पॉवर वाढवून जवळपास फोकसमध्ये परत एकदा बघा, हवा स्थिर असेल तर ताऱ्याभोवती बारीक कडी सगळीकडून सारखी दिसायला हवी. पहिल्या रात्री अर्धा तास लागेल, नंतर पाच मिनिटं.

धूमकेतू२२ :

ताई, हे सगळं कागदावर उतरवून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवतोय. शनिवारी नळी आणतो. आधी कोलिमेशन, मग चंद्र, गुरू रात्री उशिरा वर येतोय तोपर्यंत जागा राहीन. २.९ चा कॅमेराही सांगून ठेवलाय, तो आला की आधी १३० वर गायडिंग लावून एम५१ ला तीन मिनिटांच्या फ्रेम घेऊन बघतो.